आधी सातबाऱ्यावर नोंद, मग लंडनचा हिशेब

नागपुरातून काटोल रोडने निघालं की दहा-बारा किलोमीटरवर जुनापाणी लागतं. पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्यासमोर वर्तुळ होतं आणि मला ते दिसत नव्हतं. झुडपं, गवत, मधूनमधून काळे दगड, एवढंच. सोबतच्या सरांनी एका दगडावरून दुसऱ्यावर बोट फिरवत नेलं आणि एकदम गोल जुळला. मग शेजारचा, त्याच्या पलीकडचा. पाच मिनिटांत सगळं माळरान गोलांनी भरून गेलं. असे सुमारे तीनशे गोल एकट्या जुनापाणीत आहेत.

रात्री पाऊस झाला होता. एका मोठ्या दगडावर वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेले होते आणि प्रत्येकात पाणी साचलं होतं. मी एकात अंगठा घातला, तो बरोबर बसला. कुणीतरी दगडावर दगड घासून हा खळगा केला, मग बोटभर अंतर सोडून दुसरा, मग तिसरा. ते हात लोहयुगातले आहेत, म्हणजे ढोबळमानाने अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वीचे. गोलाच्या आत, मुरूम आणि काळ्या चिकट मातीच्या भरावाखाली त्या लोकांनी आपली माणसं ठेवली. सोबत काळी-तांबडी मडकी, लोखंडाच्या कुऱ्हाडी, कट्यारी, छिन्न्या ठेवल्या. काही ठिकाणी घोडाही ठेवला.

या गोलांना अभ्यासक शिळावर्तुळं म्हणतात. जुनापाणी, टाकळघाट, खापा, माहुरझरी, नायकुंड, भागीमोहारी, रायपूर-हिंगणा, बोरगाव, खैरवाडा अशी नुसती नावं घेत गेलं तरी नागपूर-वर्ध्याचा नकाशा डोळ्यांपुढे येतो. महाराष्ट्रातला लोखंडाचा सगळ्यात जुना भरघोस पुरावा याच पट्ट्यात आहे. आणि हाच पट्टा आज ले-आऊट, रिंगरोड आणि मुरमाच्या खाणींचा आहे.

या विषयावर सभा झाली की वक्ता हमखास एका गोष्टीवर येतो: इंग्रजांनी आमच्या कबरी फोडल्या आणि वस्तू लंडनला नेल्या. टाळ्याही तिथेच पडतात. वस्तू गेल्या हे खरं आहे आणि त्या परत मागायला हव्यात यावर माझा वाद नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या खोदकामांनी केलेलं खरं नुकसान वस्तू जाण्याचं नव्हतं. ते दुसरंच होतं, आणि ते आपण स्वतः आजही करतो आहोत.

त्या माणसांपासूनच सुरुवात करते.

स्टीफन हिस्लॉप हे नाव नागपूरकराला कॉलेजमुळे माहीत आहे. स्कॉटलंडहून आलेला हा मिशनरी भूगर्भशास्त्राचा वेडा होता. सप्टेंबर १८६३ मध्ये मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर तो टाकळघाटची वर्तुळं आणि तिथलं खोदकाम पाहायला गेला. परतताना तो मागे राहिला, रात्र झाली, आणि बोरीच्या वाटेवरच्या फुगलेल्या नाल्यात बुडाला. मुक्कामावर त्याचा घोडा एकटाच पोचला. आज त्याच भागात बुटीबोरी एमआयडीसी आहे. त्या रस्त्याने जाताना मला तो रिकामा खोगीर चढवलेला घोडा आठवतो. विदर्भाच्या या दगडांसाठी जीव गेलेला तो पहिला अभ्यासक होता, आणि त्याला चोर म्हणायला माझी जीभ वळत नाही.

पुढे कामठीच्या लष्करी छावणीतला तोफखान्याचा मेजर जॉर्ज गॉडफ्रे पिअर्स आला. छावणीपासून मैलभरावर एक मोठं, उंचवट्याचं वर्तुळ होतं. गावाचं नाव त्याच्या कागदात ‘वुर्रीगाव’ असं उतरलं आहे, वाचताना आपल्याला वारेगावच ऐकू येतं. पिअर्सने ते खोदलं आणि त्याची हकीकत १८६९ साली लंडनच्या एथ्नॉलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. त्यानंतर जे. एच. रिव्हेट-कारनॅक. हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कापूस कमिशनर. आपल्या कापसाची प्रत आणि गासड्या यांची चिंता वाहणारा अधिकारी फावल्या वेळात जुनापाणीची वर्तुळं उघडत होता. त्याचा लेख १८७९ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. जुनापाणीतलं त्याला मिळालेलं लोखंड आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

काळही लक्षात घ्यायला हवा. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. अमेरिकेतल्या यादवीमुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची चटक लागली होती. कापूस मोजायला, रस्ते आखायला, छावण्या वसवायला साहेब माळरानावर फिरत होता आणि फिरताना त्याला हे गोल दिसले. त्याने गावाकडच्या अशाच उंचवट्यांबद्दल वाचलेलं होतं. इंग्लंडमध्ये तेव्हा कुठलाही सुखवस्तू जमीनदार सुट्टीत मजूर लावून एखादा प्राचीन थडग्याचा उंचवटा फोडून बघत असे. स्टोनहेंजच्या परिसरात विल्यम कनिंग्टन आणि रिचर्ड कोल्ट होअर या जोडीने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला असे शेकडो उंचवटे उघडले होते. म्हणजे ही माणसं नागपुरात जे करत होती तेच ती आपल्या आजोबा-पणजोबांच्या थडग्यांशी घरीही करत होती. यामुळे ती निर्दोष ठरत नाहीत. पण त्यांचा दोष नेमका कुठे होता, हे शोधायला यामुळे मदत होते.

दोष पद्धतीत होता. वर्तुळाच्या मध्यावर खड्डा घ्यायचा, खाली उतरत जायचं, लोखंड-तांबं-मडकं हाताला लागलं की वर काढायचं. चांगलं ते पेटीत, फुटकं ते कडेला, हाडं जमली तर ठेवायची, नाही तर सोडून द्यायची. कुठली वस्तू कुठे होती, कशाच्या वर होती, कशाला टेकून होती हे फारसं टिपायचं नाही.

हे नुकसान किती मोठं, ते एका वस्तूवरून सांगते. घोड्याच्या तोंडात बसवायची लोखंडी कडियाळी. काचेच्या कपाटात ती पाहिली तर तुम्ही म्हणाल, बरं, या लोकांकडे घोडे होते. एवढंच. शंभर वर्षांनी, १९७० ते ७२ मध्ये, नागपूर विद्यापीठाच्या डॉ. शां. भा. देवांनी माहुरझरीला वर्तुळं उघडली. ती कुंचल्याने, थरांचं मोजमाप करत. तिथे घोड्याच्या सांगाड्यासोबत, डोक्याच्या जागी, त्याच्या चेहऱ्यावरचा तांब्याचा साज सापडला. हाच पत्रा सुटा हाती आला असता तर तो माणसाचा दागिना की भांड्याचं अस्तर, यावर आपण वाद घालत बसलो असतो. तो जिथे होता तिथेच दिसला म्हणून कळलं की कुणीतरी आपल्या घोड्याला सजवून, साजासकट, धन्याच्या सोबतीला मातीत दिलं होतं. वस्तू तीच, पण जागेवर असताना ती बोलते आणि जागेवरून उचलली की मुकी होते. लंडनमधलं जुनापाणीचं लोखंड उद्या विमानाने नागपूरला आलं तरी ते मुकंच येणार आहे. कुठल्या हाडाशेजारी ते होतं, हे आता कुठलंही सरकार परत आणू शकत नाही.

‘तो काळच तसा होता, तेव्हा शास्त्र कुठे होतं?’ हा बचाव नेहमी केला जातो. तो मला मान्य नाही, कारण त्याच काळात, तेही आपल्या शेजारी, एक माणूस वेगळं काम करत होता. फिलिप मेडोज टेलर निजामाच्या चाकरीत होता आणि शोरापूरचा कारभार पाहत होता. भीमेच्या काठी जेवर्गीला आणि आसपास त्याने १८५० च्या दशकात अशीच वर्तुळं खणली. तीच भीमा, आपल्या पंढरपूरहून वाहत गेलेली. टेलरने थर काढून दाखवणारे उभे छेद रेखाटले: वर दगड, मग माती, मग सांगाडे, कुठला कुठल्या दिशेने, मडकी कुठे. त्याचा विस्तृत निबंध १८६२ मध्ये डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीने छापला. पुढे मॉर्टिमर व्हीलर या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञासारख्या कडक माणसाने त्या छेदांचं कौतुक केलं. म्हणजे कागद होता, पेन्सिल होती, डोळे होते. ज्याला नोंद ठेवायची होती त्याने ती ठेवली.

अर्थ लावण्यात मात्र टेलरही इतरांसारखाच वाहवला. त्याच्या निबंधाच्या शीर्षकातच केल्टिक, द्रुइड (प्राचीन युरोपातले लोक आणि त्यांचे पुरोहित) आणि सिथियन (मध्य आशियाकडचे भटके घोडेस्वार) येतात. हिस्लॉपच्या मित्रमंडळीत टाकळघाटच्या दगडांना सिथियनच म्हटलं जाई, आणि रिव्हेट-कारनॅकला तर जुनापाणीच्या वाटीसारख्या खळग्यांत युरोपातल्या दगडांवरचे खळगे दिसले. इथल्या मातीतल्या माणसांनी इथलं लोखंड वितळवून इथे आपली प्रेतं पुरली असतील, ही सरळ शक्यता त्यांना सगळ्यात शेवटी सुचली. गावकऱ्यांना विचारलं तर ते म्हणत, हे गवळ्यांचे दगड. गवळी राजांची ही परंपरा इंग्रजांच्याच १८७० च्या गॅझेटिअरमध्ये नोंदलेली आहे. ती भाबडी म्हणून बाजूला ठेवली गेली. मला मात्र तिच्यात सिथियन सिद्धांतापेक्षा जास्त तथ्य वाटतं. गवळी म्हणजे ढोरं राखणारी, फिरती, घोड्याबैलांची माणसं. या लोकांच्या जगण्यात पशुपालनाचा वाटा मोठा असावा असं आज बरेच अभ्यासक मानतात. राजाचं नाव चुकलं असेल, पण धंदा गावाच्या स्मरणात बरोबर राहिला असावा.

आता आपल्याकडे वळते, आणि इथे माझा सूर बदलणार आहे.

स्वातंत्र्यानंतर विदर्भात उत्तम कामं झाली. जुनापाणीला १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी तीन वर्तुळं खणली. देवांनी टाकळघाट-खापा आणि माहुरझरीचे अहवाल वेळेवर, स्वतंत्र पुस्तकं म्हणून काढले. नायकुंडला देव आणि डॉ. अरविंद जामखेडकर यांनी थडग्यांबरोबर वस्तीही खणली, आणि तिथे चक्क लोखंड गाळायची भट्टी सापडली, भाजलेल्या मातीच्या वक्र विटांची. ती वस्ती खणली नसती तर हे लोक लोखंड विकत आणत होते की स्वतः गाळत होते हे कळलंच नसतं. या माणसांचं ऋण मोठं आहे.

पण देवांसारखी शिस्त हा नियम नाही, तो अपवाद आहे. देशभर खोदकामं होतात, पेपरात फोटो येतो, मंत्री भेट देतात, आणि मग अहवाल वर्षानुवर्षं येत नाही. वार्षिक आढाव्यात काही पानं छापली की काम झालं असं धरलं जातं. जुनापाणीच्या त्या तीन वर्तुळांबद्दल मला वाचायला मिळाली तीही अशीच थोडकी पानं. प्रमुख निवृत्त होतो, वह्या त्याच्या घरी जातात, खापरांच्या पिशव्या गोदामात, पिशवीवरची चिठ्ठी वाळवी खाते. एकदा एका गोदामात, नाव घेत नाही, मी अशी पिशवी उचलली होती. आत मानवी दात होते आणि बाहेर फक्त एक आकडा. तो आकडा कुठल्या वहीतला, ते तिथल्या कुणालाच सांगता आलं नाही. मेजर पिअर्सने केलं त्यात आणि यात मला तरी फरक सापडला नाही. त्याने निदान दोन-चार वर्षांत छापलं.

म्हणून माझी पहिली मागणी: खोदकामाचा परवाना देतानाच अहवालाची मुदत घाला, आणि ती न पाळणाऱ्या संस्थेला पुढचा परवाना देऊ नका. आधीचा अहवाल टेबलावर ठेवा, मग कुदळ घ्या. अहवालाबरोबर पन्नास पानांची मराठी पुस्तिका त्या गावच्या ग्रामपंचायतीला आणि शाळेला मिळाली पाहिजे. ज्याच्या शिवारातून हे निघालं त्याला ते वाचता येऊ नये, हा अन्याय इंग्रजांच्या वेळी होता, तो आता तरी नको.

दुसरी गोष्ट, न खणलेल्या वर्तुळांना हात लावू नका. हे काही तरुण मित्रांना पटत नाही. त्यांना वाटतं, एवढी तीनशे आहेत, दहा-वीस उघडली तर काय बिघडलं? बिघडतं ते असं. पिअर्सला वाटलं त्याची पद्धत पुरेशी आहे. देवांना त्यांच्या काळाची उत्तम पद्धत मिळाली, पण त्यांच्या हाती प्राचीन डीएनए नव्हता, दातांतल्या रासायनिक खुणांवरून माणूस कुठे वाढला ते सांगणारं तंत्र नव्हतं, मडक्याच्या पोटात मुरलेल्या चरबीवरून त्यात काय शिजलं ते ओळखता येत नव्हतं. आणि आजचं तंत्रही लंगडंच आहे. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन स्थळाच्या साठ-एकसष्ट नमुन्यांतून एकाच सांगाड्याचा डीएनए वाचता आला आणि २०१९ साली तो प्रसिद्ध झाला. आपल्या उष्ण, दमट मातीत हाड लवकर विरतं. पन्नास वर्षांनी कदाचित चिमूटभर मातीतून सगळं कळेल, पण तेव्हा ती चिमूट जागेवर शिल्लक असली पाहिजे. थडगं एकदाच उघडता येतं.

त्या खळग्यांचंच पाहा. काही अभ्यासकांनी जुनापाणीच्या दगडांवरच्या खळग्यांची वर्तुळातली जागा आणि सूर्याच्या उगवती-मावळतीच्या दिशा यांचा संबंध तपासला आहे. तो खरा आहे की योगायोग, यावर मत देण्याइतकी मी जाणकार नाही. पण असा प्रश्न नुसता विचारता यावा यासाठी एक अट आहे, दगड जागचा हललेला नसावा. एकदा कुणी तो ओढून बांधावर टाकला की खळगे तेच राहतात आणि दिशा जाते.

आणि दगड रोज हलतो आहे. नांगराने नव्हे, नांगर शेकडो वर्षं दगडाला वळसा घालून गेला. जेसीबी वळसा घालत नाही. चार-पाच वर्षांपूर्वी एका गावात, नकाशावर खूण करून, मी सात वर्तुळं पाहून आले होते. दुसऱ्या वर्षी गेले तर तिथे सिमेंटचे खांब, लाल फीत आणि प्लॉटचे आकडे. दगड एका कडेला ढीग करून ठेवले होते, कंपाउंडच्या पायात घालायला. त्यातला एक उलटा पडला होता आणि त्यावर खळगे होते. मी फोटो काढत होते तेव्हा शेतमालक आला. भांडायला आला असेल असं वाटलं, पण तो चहा घ्या म्हणाला. बोलताना म्हणाला, “ताई, पहिले सांगितलं असतं तर चार दगड ठेवले असते. पण सांगितलं असतं तर तुम्ही लोकांनी जमीनच अडकवली असती ना?”

या वाक्यावर मी खूप विचार केला आहे. तो लोभी नव्हता. त्याला कायद्याची भीती होती, आणि ती भीती अगदीच खोटी नाही. केंद्राच्या १९५८ च्या कायद्याने एखादं स्मारक संरक्षित झालं की २०१० च्या दुरुस्तीनुसार त्याच्याभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी आणि पुढे २०० मीटर नियंत्रण येतं. जुनापाणी अशी केंद्र-संरक्षित आहे आणि म्हणूनच ती टिकली. पण विदर्भातली बहुतेक वर्तुळं कुठल्याच यादीत नाहीत. म्हणजे आपल्याकडे दोनच पर्याय आहेत: एकतर पूर्ण कडीकुलूप, नाहीतर पूर्ण उघडं. मधलं काहीच नाही. मग ज्याच्या शेतात गोल आहे तो शहाणा माणूस कुणाला कळायच्या आत तो सपाट करतो. कबर फोडणारा साहेब निदान भरदिवसा फोडायचा. इथे भीतीपोटी रात्री फुटतात.

यादीत असणं म्हणजे सुरक्षित असणं, असंही नाही. २०१३ मध्ये सरकारी हिशेब तपासणाऱ्या ‘कॅग’ने १,६५५ केंद्र-संरक्षित स्मारकांची प्रत्यक्ष पाहणी केली तेव्हा त्यातली ९२ जागेवर सापडलीच नाहीत. देवळाचं शिखर लांबून दिसतं, किल्ल्याला बुरूज असतो. गुडघ्याएवढ्या दगडांचं रिंगण हरवायला किती वेळ लागणार?

म्हणून मी सातबारा मागते आहे. प्रत्येक वर्तुळाची नोंद ज्या गटात ते आहे त्या गटाच्या उताऱ्यावर, ‘इतर हक्क’ रकान्यात झाली पाहिजे. संरक्षित स्मारकाची नोंद म्हणून नको. ‘येथे दगडी वर्तुळ आहे, हलवण्यापूर्वी कळवावे’ एवढीच. ले-आऊट पाडायचा असेल, मुरूम काढायचा असेल तर परवानगी देणारा अधिकारी उतारा बघतोच, तिथे ही ओळ त्याला दिसेल. मग विद्यापीठाला किंवा पुरातत्त्व खात्याला ठरावीक मुदत मिळावी, समजा तीन महिने. तेवढ्यात त्यांनी यावं, मोजावं, गरज असेल तर शास्त्रशुद्ध खणून नोंद करावी, आणि नाही आले तर शेतकरी मोकळा. जिथे वर्तुळांचा मोठा समूह आहे तिथेच पूर्ण संरक्षण, आणि तिथल्या जमिनीचा रोख मोबदला. वारशाचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या खिशातून करणं चुकीचं आहे, आणि तसं केल्याने वारसा वाचतही नाही.

हे काम अवघड नाही. २०२१ पासून महाराष्ट्रातला शेतकरी ई-पीक पाहणीच्या ॲपवर आपल्या पिकाचा फोटो स्वतः काढून चढवतो आहे. फोनला जागा कळते, गट क्रमांक कळतो. त्याच पानावर एक चौकट वाढवा. गावातली पोरं सुट्टीत सगळं शिवार पालथं घालतील. मी दोन शाळांच्या मुलांना घेऊन फिरले आहे. गोल ओळखायला मला पाच मिनिटं लागली होती, त्यांना तेवढीही लागली नाहीत. एकीने तर ओळीने सहा दगड मोजून सातवा कुठे असायला हवा ते आधी सांगितलं आणि जाऊन गवतातून काढून दाखवला.

आता लंडन. ब्रिटिश म्युझियमवर १९६३ च्या त्यांच्याच कायद्याचं बंधन आहे, संग्रहातली वस्तू त्यांना सहजी देऊन टाकता येत नाही. तो कायदा बदलावा असा दबाव आपण ठेवलाच पाहिजे. पण तोपर्यंत हातावर हात धरून बसायचं कारण नाही. २०२४ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं तीन वर्षांच्या कराराने साताऱ्याला आली, पुढे ती नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातही दाखवली गेली. लोकांनी रांगा लावल्या. जो रस्ता वाघनखांसाठी उघडला तो जुनापाणीच्या कुऱ्हाडींसाठी का उघडू नये? आधी प्रत्येक वस्तूचे फोटो, मापं, जुन्या नोंदी मागा आणि मराठीतून जाहीर करा. मग करारावर वस्तू आणा. आणि त्या नागपुरातच ठेवा.

नागपूरचं हे संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३ साली सुरू झाला. हिस्लॉप नाल्यात बुडाला तेच साल. म्हणजे रिव्हेट-कारनॅक जुनापाणी खोदत होता तेव्हा त्या वस्तूंसाठी घर शहरात उभं होतं, अगदी सिव्हिल लाईन्सला. तरी त्या लंडनला गेल्या, ही गोष्ट मला फार लागते. पण त्याच अजब बंगल्यात जाऊन एखाद्या शाळकरी पोराला विचारा की तुझ्या गावाजवळ अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वीचे घोडेस्वार पुरले आहेत हे तुला माहीत आहे का. शहराच्या दारात जुनापाणी आहे, जवळच गोरेवाड्याला लोक वाघ बघायला जातात, आणि काटोल रोडवरून रोज जाणाऱ्या हजारो माणसांना डावीकडे-उजवीकडे काय आहे ते ठाऊक नसतं. वस्तू परत आल्या आणि जागाच उरली नसली, तर त्या कुऱ्हाडीखाली आपण पाटीवर कुठलं ठिकाण लिहिणार?

जिल्हाधिकारी कार्यालयाने, विद्यापीठाने आणि पुरातत्त्वाच्या नागपूर मंडळाने एकत्र बसून हे ठरवलं तर पहिल्या दहा गावांची पाहणी एका हिवाळ्यात होईल. कापूस वेचून झाला की शिवार मोकळं असतं, गवत वाळून बसतं, दगड उघडे पडतात. डिसेंबर ते मार्च, हेच दिवस. तलाठ्याला काय लिहू म्हणून अडायला नको, म्हणून नोंदीचा मसुदा मी इथेच देते:

दगडी वर्तुळ, एक. व्यास अंदाजे बारा मीटर. उभे दगड सतरा, पैकी दोन खळगे असलेले, पूर्वेकडे. भराव शाबूत. खणलेलं नाही.